अमेरिकेतील दुही आणि एकसदस्यीय मतदारसंघाची मक्तेदारी

टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठीचे आपले मतदारसंघ नव्याने आखले. अशी फेरआखणी दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर करण्याचा तेथील रिवाज आहे आणि पुढची जनगणना २०३० ची. मग मधेच ही लगबग कशासाठी, असे विचारण्याची गरजच उरली नव्हती. कारण उत्तर कुणी लपवलेच नाही. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जादा हव्या होत्या. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाने जशास तसे उत्तर दिले. तेथील स्वतंत्र आयोगाने आखलेले नकाशे सार्वमताने बाजूला सारण्यात आले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या पदरात तितक्याच जागा पडाव्यात अशा बेताने नव्या रेषा मारण्यात आल्या. मिसुरी आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्येही टेक्सासच्या वाटेने गेली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचा नवा नकाशा वापरण्यास मोकळीक दिली. शेजाऱ्याचा बांध कोरणारा शेतकरीही ते काम निदान अंधार पडल्यावर करतो. येथे मात्र दिवसाढवळ्या, विधिमंडळात ठराव करून आणि न्यायालयाची मोहोर उठवून बांध कोरण्यात आला.

या प्रकरणावर आपल्याकडील पुरोगामी वर्तुळात दोन प्रकारची भाष्ये ऐकू येतात. पहिले उदारमतवाद्यांचे. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील सभ्यता लोपली, माणसे हेकट झाली, वृत्तवाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी त्यांची डोकी भडकावली, असा त्यांचा शोक असतो. दुसरे भाष्य डाव्यांचे, आणि त्यात एक प्रकारचा तुच्छतेचा सूर असतो. दोन्ही पक्ष भांडवलदारांचेच. तेव्हा त्यांच्या भांडणात कष्टकऱ्याचे काय जाते, आणि मतपत्रिकेवर फुली मारली काय किंवा आकडे लिहिले काय, त्याने भांडवलशाहीचे काय बिघडते, असा त्यांचा सवाल असतो. पहिले भाष्य माणसाच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होते, दुसरे इतिहासाच्या अपरिहार्यतेला. निवडणुकीचे यंत्र कसे चालते हे उघडून पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. ते उघडून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि ज्याला सर्वांत जास्त मते त्याच्या पदरात सर्व काही, या नियमाने अमेरिकेत दोन पक्षांची मक्तेदारी निर्माण केली आहे. त्या मक्तेदारीनेच एकीकडे समाजाची दोन वैरी छावण्यांत फाळणी केली आणि दुसरीकडे कामगाराला स्वतःचा पक्ष मिळू दिला नाही. ही दोन स्वतंत्र दुखणी नाहीत.

येथे एक आक्षेप सरळ अंगावर घेतला पाहिजे. हीच पद्धत १९५० मध्येही होती. मग तेव्हा ही दुही का नव्हती? किंबहुना त्या वर्षी अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या अहवालाची तक्रार नेमकी उलट होती. दोन्ही पक्षांत पुरेसा फरक नाही, मतदाराला खरी निवड करता येत नाही, पक्षांनी वेगळे आणि ठाम कार्यक्रम मांडावेत, असे तेथील पंडितांचे म्हणणे होते. त्यांची इच्छा पुढे गरजेहून अधिक प्रमाणात फळाला आली, असे म्हणावे लागेल. वस्तुतः तेव्हा दोन पाट्यांखाली चार पक्ष नांदत होते. दक्षिणेकडील वर्णद्वेष्टे डेमोक्रॅट आणि उत्तरेकडील कामगारसंघटनांच्या बळावर निवडून येणारे डेमोक्रॅट यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नव्हते. ईशान्येकडील उदारमतवादी रिपब्लिकन आणि मध्य-पश्चिमेतील सनातनी रिपब्लिकन यांचीही तीच गत होती. प्रत्येक प्रश्नावर नव्या जुळण्या होत. त्या जुळण्यांची किंमत दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी मताधिकार गमावून चुकती केली होती, हे मात्र त्या काळाच्या सौहार्दाचे गोडवे गाणारे सोयीस्करपणे विसरतात. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा यांनी ती तडजोड मोडली, आणि मोडली हे न्याय्यच झाले. त्यानंतरच्या तीसएक वर्षांत सनातनी दक्षिण रिपब्लिकन पक्षात गेली, उदारमतवादी ईशान्य डेमोक्रॅटिक पक्षात गेली, आणि चार पक्षांचे खरोखरच दोन उरले. वर्ण, धर्म, शहर-खेडे, शिक्षण या सर्व भेदरेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. बहुपक्षीय समाज आतून नाहीसा झाल्यावर द्विपक्षीय साचा उघडा पडला, आणि तो किती धारदार आहे हे तेव्हा कळले.

याच काळात अर्थकारणात काय घडत होते, ते पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश पगारी कामगार संघटित होते. २०२४ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले, आणि खाजगी क्षेत्रात तर ते सहा टक्क्यांच्या आसपास आहे. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारावर १९९३ मध्ये काँग्रेसची मोहोर उमटली ती डेमोक्रॅट अध्यक्षाच्या कारकिर्दीत. बँकव्यवसाय आणि सट्टेबाजी यांच्यामधली १९३३ पासूनची भिंत १९९९ मध्ये पाडली गेली तीही त्याच अध्यक्षाच्या सहीने. २००८ मध्ये वित्तसंस्थांना वाचवण्यासाठी सत्तर हजार कोटी डॉलरची तरतूद झाली ती दोन्ही पक्षांच्या मतांनी. ज्या प्रश्नांवर दोन पक्षांत मतभेद असायला हवे होते त्यांवर एकमत, आणि मग निवडणूक लढवायची कशावर? उरले ते धर्म, वर्ण, बंदूक, गर्भपात आणि स्थलांतरित. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे नव्हे. पण त्यांच्यात तडजोडीला जागा कमी असते. वेतन अडीच डॉलरने वाढवायचे की दीड, यावर वाटाघाटी करता येतात. शेजाऱ्याने कसे जगावे यावर वाटाघाटी करता येत नाहीत.

हा संताप २०१६ मध्ये दोन दिशांनी बाहेर पडला. बर्नी सँडर्स यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत सुमारे १ कोटी ३० लाख मते मिळाली, आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही. डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकांत एकंदर मतांच्या निम्म्याहूनही कमी मते पडली, आणि त्यांच्या हाती सबंध पक्ष आला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या देशात या दोन प्रवाहांचे दोन पक्ष झाले असते, आणि प्रत्येकाला आपल्या ताकदीइतक्या जागा मिळाल्या असत्या. नेदरलँड्समध्ये खिर्ट विल्डर्स यांचा उजवा पक्ष २०२३ मध्ये सर्वांत मोठा ठरला; पण १५० पैकी ३७ जागांवर. इतर पक्षांच्या संमतीवाचून त्याला पाऊल टाकता येईना, आणि त्याने ज्या सरकारचा खांब व्हायचे ठरवले ते सरकार दोन वर्षेही टिकले नाही. अमेरिकेत मात्र तिसरा रस्ता नाही. पक्षातील एका टोळीने पक्ष ताब्यात घेतला की उरलेल्या कोट्यवधी मतदारांसमोर दोनच पर्याय राहतात: नाक दाबून आपल्याच पाटीला मत देणे, किंवा ज्यांना जन्मभर शत्रू मानले त्यांच्या छावणीत जाणे. बहुतेक माणसे पहिला पर्याय पत्करतात. आपल्या पक्षावर त्यांचे प्रेम असते असे नाही; दुसऱ्या पक्षाची भीती मात्र असते.

या भीतीचे कारखाने म्हणजे तेथील बिनधोक मतदारसंघ. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी दहातल्या नऊ जागांचा निकाल सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच ठरलेला असतो. मॅसॅच्युसेट्समधील नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटांच्या आहेत. १९९४ नंतर त्या राज्यातून एकही रिपब्लिकन प्रतिनिधिगृहावर निवडून आलेला नाही, जरी राज्यातील सुमारे एक तृतीयांश मतदार त्या पक्षाला मत देतात. ओक्लाहोमात नेमके उलटे चित्र आहे: पाचही जागा रिपब्लिकनांच्या, आणि सुमारे एक तृतीयांश डेमोक्रॅट मतदारांचा एकही प्रतिनिधी नाही. या दोन राज्यांतील निकालास नकाशातील लबाडीच कारण आहे असेही नाही. अल्पमत सर्वत्र सारखे पसरलेले असले की एकसदस्यीय मतदारसंघ ते आपोआप पुसून टाकतो. मग खरी लढत होते ती प्राथमिक निवडणुकीत, जेथे पाचातला जेमतेम एक मतदार फिरकतो, आणि तोही पक्षातला सर्वांत कडवा.

जानेवारी २०२१ मध्ये काँग्रेसच्या इमारतीवर जमाव चालून गेल्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकन सभासदांनी मत दिले. २०२२ मध्ये त्यांचे काय झाले ते पाहावे. चौघांनी निवडणूकच लढवली नाही. चौघे प्राथमिक निवडणुकीत पडले, त्यांत माजी उपाध्यक्षांची कन्या लिझ चेनीही होत्या. दोघे वाचले, आणि ते दोघेही वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अशा राज्यांतले होते जेथे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक निवडणुकीत उतरतात आणि पहिले दोघे पुढे जातात. अर्थात याच पद्धतीत वॉशिंग्टनमधील आणखी एक सभासद पडली, हेही नोंदवले पाहिजे. जादूची कांडी कुठलीच नाही. पण ज्याला सदसद्विवेकबुद्धीने मत द्यायचे आहे त्याला त्या मताची किंमत कोण वसूल करणार हे निवडणुकीचे नियम ठरवतात, एवढे यावरून निर्विवाद दिसते.

यावर जे उपाय अमेरिकेत सुचवले जातात त्यांत सर्वांत गाजलेला उपाय पसंतीक्रमाच्या मतदानाचा आहे. आपल्याकडील पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिले असेल त्यांना तो नव्याने समजावून सांगायला नको. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत तर शेवटच्याला बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटायच्या. मेन राज्याने २०१६ च्या सार्वमताने ही पद्धत स्वीकारली. त्यामागे कारण होते: २०१० मध्ये तेथे तिरंगी लढतीत अवघ्या ३८ टक्क्यांच्या आसपास मतांवर एक गव्हर्नर निवडून आला होता. अलास्काने २०२० मध्ये तीच पद्धत खुल्या प्राथमिक निवडणुकीसह घेतली, आणि २०२२ मध्ये सिनेटर लिसा मर्काउस्की तिच्यामुळेच तरल्या. त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिले होते, त्यांच्याच पक्षाच्या राज्य शाखेने त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराला पाठिंबा दिला होता. जुन्या प्राथमिक निवडणुकीत त्या तरणे कठीण होते. आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या प्रतिस्पर्ध्यांनी दुसरी पसंती एकमेकांना देण्याचे जाहीर आवाहन आपापल्या मतदारांना केले. एक मुसलमान आणि दुसरा यहुदी, तेही गाझाच्या युद्धाने शहर तापलेले असताना. ममदानी अखेरच्या फेरीत सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकले आणि नोव्हेंबरात महापौरपदी निवडून आले. प्रतिस्पर्ध्याच्या मतदारांकडे दुसऱ्या पसंतीची याचना करायची असली की त्यांच्या उमेदवाराला देशद्रोही म्हणता येत नाही. एवढी सक्तीची सभ्यताही आजच्या अमेरिकेत थोडी नव्हे.

पण या उपायावर सर्व भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी नजरेआड केल्या आहेत. पहिली गणिताची. जागा एकच असली की कोणताही मतमोजणीचा नियम लावा, एकजण सर्व घेऊन जातो आणि इतरांच्या वाट्याला शून्य येते. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्येच दाखवून दिले की तीन किंवा अधिक पर्यायांतून एक सामूहिक क्रम लावण्याचा, काही किमान अटी पाळणारा निर्दोष नियम अस्तित्वात नाही. अलास्कातच ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच हे इतर दोघांपैकी कुणालाही समोरासमोरच्या लढतीत हरवू शकले असते, असे मतपत्रिकांवरून निष्पन्न होते. पण पहिल्या पसंतीत तिसरे आल्याने तेच आधी बाद झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या रिपब्लिकनाला किंवा ओक्लाहोमातल्या डेमोक्रॅटाला पसंतीक्रमाने काडीचाही लाभ होणार नाही. बहुमतवाल्याचे बहुमत अधिक स्वच्छपणे मोजले जाईल, इतकेच.

दुसरी गोष्ट राजकारणाची, आणि ती कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. या सुधारणेच्या पुष्कळशा चळवळी श्रीमंतांच्या देणग्यांवर चालतात आणि त्यांचे उद्दिष्ट ‘मध्यममार्ग’ परत आणणे हे असते. २०२४ मध्ये कोलोरॅडोत अशीच सूचना एका धनाढ्य उद्योगपतीच्या पुढाकाराने सार्वमतासाठी आली आणि पडली. नेव्हाडा, आयडाहो, ऑरेगन या राज्यांतही त्याच दिवशी निरनिराळ्या स्वरूपातील अशा सूचना मतदारांनी फेटाळल्या. मिसुरीने तर ही पद्धतच निषिद्ध ठरवली. अलास्कात ती रद्द होता होता हजाराहून कमी मतांनी वाचली. फक्त राजधानी वॉशिंग्टनने तिचा स्वीकार केला. कोलोरॅडोत दोन्ही पक्षांच्या राज्य शाखा एकदिलाने विरोधात उभ्या होत्या. ज्यांचे एरवी कोणत्याही प्रश्नावर जमत नाही त्यांचे मक्तेदारी राखण्याच्या प्रश्नावर लगेच जमते, यात नवल नाही. पण मतदारांनी ज्याकडे पाठ फिरवली ते ‘मध्य’ म्हणजे तरी काय? १९९३ चा व्यापार करार आणि २००८ ची बँकांची वर्गणी ज्या एकमताने झाली, तेच ते मध्य. दुही मिटवण्याच्या नावाखाली ते पुन्हा सिंहासनावर बसवायचे असेल, तर डेट्रॉइटच्या बेकार कामगाराला त्यात रस का वाटावा?

खरा उपाय अमेरिकेला अपरिचित नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी १८७० च्या राज्यघटनेने तीन-तीन जागांचे मतदारसंघ ठरवून दिले होते. मतदाराला तीन मते असत आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. (मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत राखीव जागा असलेल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत हीच मुभा होती, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तिचे मोल ओळखले होते.) परिणाम असा की शिकागोतून निदान काही रिपब्लिकन आणि ग्रामीण दक्षिण इलिनॉयमधून निदान काही डेमोक्रॅट हमखास निवडून येत. आपल्या पक्षातच समोरच्या प्रदेशाची दुःखे सांगणारी माणसे बसलेली असत. ११० वर्षे हे चालले. १९७८ मध्ये आमदारांनी स्वतःची भरघोस पगारवाढ करून घेतली. त्या रागाच्या लाटेवर १९८० मध्ये सभासदसंख्या १७७ वरून ११८ वर आणण्याची घटनादुरुस्ती झाली, आणि त्या कात्रीत ही पद्धतही कापली गेली. आंघोळीच्या पाण्याचा दर वाढला म्हणून विहीरच बुजवण्यासारखा हा प्रकार होता.

याहून बोलका इतिहास न्यूयॉर्क शहराचा आहे. टॅमनी हॉल या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या डेमोक्रॅटिक टोळीच्या हाती तेथील नगरसभेच्या जवळजवळ सर्व जागा असत. १९३६ च्या सार्वमताने नागरिकांनी एकल संक्रमणीय मताची पद्धत आणली, म्हणजे आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार ज्या कोट्याच्या हिशेबाने मत देतात तीच. शहराच्या पाच विभागांपैकी प्रत्येकातून अनेक सभासद. दर ७५ हजार मतांमागे एक जागा. १९३७ च्या पहिल्याच निवडणुकीनंतर सभागृहाचा नूर पालटला. कामगारसंघटनांनी उभारलेल्या अमेरिकन लेबर पार्टीला जागा मिळाल्या. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगरसदस्य झाले. त्याच वर्षी ब्रुकलिनमधून पीटर कॅकिओनी, आणि १९४३ मध्ये हार्लेममधील कृष्णवर्णीय नेते बेंजामिन डेव्हिस, असे दोन कम्युनिस्ट निवडून आले. दोन्ही मोठ्या पक्षांच्या यंत्रणांना हे सोसणे शक्य नव्हते. शीतयुद्धाचा भयगंड त्यांच्या मदतीला आला आणि १९४७ च्या सार्वमताने ही पद्धत रद्द झाली. एकसदस्यीय मतदारसंघांतून झालेल्या १९४९ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांना २५ पैकी २४ जागा मिळाल्या. सिनसिनाटी शहरात हीच पद्धत १९२५ पासून चालू होती. तेथे ती १९५७ मध्ये रद्द झाली, कारण थिओडोर बेरी हे कृष्णवर्णीय गृहस्थ महापौर होतील अशी धास्ती गोऱ्या वस्त्यांत पद्धतशीरपणे पेरली गेली. ते महापौर झाले ते १९७२ मध्ये. केंब्रिज या मॅसॅच्युसेट्समधील शहरात ती १९४१ पासून आजतागायत सुखाने चालू आहे. ऑरेगनमधील पोर्टलंड शहराने २०२२ मध्ये तिचा स्वीकार केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन-तीन जागांच्या चार विभागांतून बारा सभासद निवडले. त्यांत लोकशाही समाजवादी संघटनेचे सभासदही आहेत. म्हणजे ही पद्धत अमेरिकन मातीत रुजत नाही म्हणून मेली असे कुठेच घडलेले नाही. जेथे मेली तेथे ती रुजली म्हणूनच उपटली गेली.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने पक्षांची बजबजपुरी माजते, वायमार जर्मनीचे काय झाले ते पाहा, हा ठरीव आक्षेप आहे. वायमारला कोसळवणारी बेकारी मतमोजणीने निर्माण केली नव्हती. आणि युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने प्रमाणशीर पद्धत टाकली नाही. पाच टक्के मतांचा उंबरठा घालून ती राखली. अमेरिकेला अधिक जवळचे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथेही ब्रिटिश धाटणीची दोन पक्षांची मक्तेदारी होती. १९७८ आणि १९८१ मध्ये मजूर पक्षाला अधिक मते मिळूनही नॅशनल पक्षाला बहुमत मिळाले. मग १९८४ पासून मजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्यांनी सार्वजनिक उद्योगांची विक्री आणि बाजाराला मोकळे रान हे धोरण चालवले. लोकांनी त्यांना घालवले, तर नॅशनल पक्षाने तेच धोरण पुढे रेटून १९९१ मध्ये कामगारसंघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे बळ मोडणारा कायदा केला. दोन्ही दारांतून तोच पाहुणा येतो हे कळल्यावर मतदारांनी १९९३ मध्ये दारेच बदलली: सुमारे ५४ टक्क्यांनी मिश्र प्रमाणशीर पद्धतीला कौल दिला. १९९६ पासून तेथे त्या पद्धतीने निवडणुका होतात. १९९९ मध्ये मजूर पक्षाला आपल्या डावीकडील अलायन्सबरोबर संयुक्त सरकार बनवावे लागले, आणि त्या सरकारने २००० मध्ये तो कामगारविरोधी कायदा रद्द केला. उजवे पक्षही त्या संसदेत आहेत, आणि असणारच. परंतु आज ज्याला शिव्या द्यायच्या त्याच्याबरोबर उद्या मंत्रिमंडळात बसावे लागेल ही जाणीव शिव्यांना वेसण घालते. युती करणाऱ्या पक्षांच्या मतदारांमध्येही परस्परांविषयीचा दुरावा कमी असतो, असे पाश्चात्त्य लोकशाह्यांच्या तौलनिक अभ्यासांतून दिसले आहे.

आता जे डावे मित्र या सर्व खटाटोपाला उदारमतवाद्यांचे खेळणे समजतात, त्यांनी आपल्याच परंपरेची पाने उलटावीत. अमेरिकन सोशॅलिस्ट पक्षाच्या १९१२ च्या जाहीरनाम्यात राष्ट्रीय आणि स्थानिक पातळीवर प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी होती, आणि सिनेट बरखास्त करण्याचीही होती. त्या वर्षी युजीन डेब्ज यांना सुमारे नऊ लाख, म्हणजे सहा टक्के मते मिळाली. १९२० मध्ये ते युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात असतानाही त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. प्रतिनिधिगृहात त्या पक्षाचे एका वेळी एकाहून अधिक सभासद कधी बसले नाहीत. १९२४ मध्ये सोशॅलिस्टांच्या आणि कामगारसंघटनांच्या पाठिंब्यावर रॉबर्ट ला फॉलेट यांनी ४८ लाख मते घेतली, दर सहा मतदारांमागे एक. पण निर्वाचक मंडळात त्यांना आपल्या विस्कॉन्सिन राज्याची १३ मते तेवढी मिळाली. (याच विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात त्या दशकात जयप्रकाश नारायण मार्क्सवादाकडे वळले.) आणि १९४८ ची तुलना तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. वर्णभेदाचे पुरस्कर्ते स्ट्रॉम थर्मंड आणि वर्णभेदाच्या सभांत बोलण्यास नकार देणारे पुरोगामी उमेदवार हेन्री वॉलेस, दोघांनाही साडेअकरा-पावणेबारा लाखांच्या घरात मते पडली. थर्मंड यांना निर्वाचक मंडळातील ३९ मते मिळाली, वॉलेस यांना एकही नाही. कारण द्वेष चार राज्यांत एकवटलेला होता आणि कष्टकरी सबंध देशात विखुरलेले होते. एकसदस्यीय पद्धत प्रदेशाला बक्षीस देते, वर्गाला शिक्षा करते. हे ज्यांना गौण वाटते त्यांनी कामगार पक्षाअभावी झालेल्या शंभर वर्षांच्या नुकसानीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

ही सुधारणा झाली तरी पैशाचे राज्य संपणार नाही. २०१० च्या न्यायनिर्णयाने कंपन्यांच्या थैल्यांची तोंडे निवडणुकीसाठी मोकळी केली, आणि २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. सिनेटमध्ये पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला आणि जवळजवळ चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन-दोनच जागा राहतील. त्या घटनेच्या कलमाला हात लावणे जवळजवळ अशक्य आहे. अध्यक्ष एकच असणार. पण प्रतिनिधिगृहाची गोष्ट वेगळी आहे. तेथे एकसदस्यीय मतदारसंघ असावेत असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. ते बंधन आहे १९६७ च्या एका साध्या कायद्याचे. त्या कायद्यामागे एक रास्त भीती होती: मताधिकार मिळालेल्या कृष्णवर्णीयांची मते बुडवण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये सबंध राज्याचा एकच मतदारसंघ करतील आणि सगळ्या जागा गोऱ्या बहुमताला देतील. त्या भीतीवर प्रमाणशीर मोजणी हेच खरे उत्तर होते. काँग्रेसने दिलेले उत्तर आज टेक्सासच्या नकाशात दिसते आहे. साध्या बहुमताने झालेला कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. तीन ते पाच जागांचे मतदारसंघ आणि एकल संक्रमणीय मत अशी तरतूद असलेले विधेयक डॉन बेयर यांनी २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडले आणि त्यानंतर ते पुनःपुन्हा मांडले गेले. सभागृहात त्यावर मतदान एकदाही झालेले नाही.